आपली कासारी : पावनखिंडीपासून प्रयागापर्यंत

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरी-धंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास असलेली मंडळी यांच्या उदार हस्ते सिद्धीस गेले, त्या मंगल प्रसंगी ही स्मरणिका आपल्या हाती पडत आहे. मंदिराची माहिती, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यात अन्यत्र दिलेली आहेच. स्मरणिका समितीने प्रस्तुत लेखकास नदीविषयी चार शब्द लिहिण्यास सांगितले. ही सूचना योग्यच म्हटली पाहिजे. देवळाला काठ दिला तो नदीने, गावाला गाळाची जमीन दिली तीही नदीनेच. देवाची पालखी दरवर्षी घाटावर जाते, पण ज्या पाण्याला आपण हात जोडतो ते येते कोठून, हे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना ‘वरून, डोंगरातून’ यापलीकडे सांगता येणार नाही.

‘पंचगंगा’ हे नाव सर्वांना ठाऊक आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच प्रवाहांची मिळून पंचगंगा झाली, अशी पूर्वापार समजूत आहे. सरस्वती डोळ्यांना दिसत नाही. ती श्रद्धेची नदी. उरलेल्या चारांपैकी तुळशी व कुंभी या दोघी वाटेतच भोगावतीला मिळतात. म्हणून चिखलीजवळ प्रयागास जो संगम आपण पाहतो तो वस्तुतः दोन नद्यांचा. दक्षिणेकडून भोगावती आपल्या दोन बहिणींना घेऊन येते आणि पश्चिमेकडून आपली कासारी एकटी येते. मकर संक्रांतीच्या पर्वकाळात तेथे स्नानाला जाणाऱ्यांनी एकदा काठावर उभे राहून हे नीट पाहावे. तेथून पुढे पंचगंगा हे नाव लागते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून ती नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते.

कासारीचा उगम विशाळगडाजवळ, गजापूर आणि पावनखिंड या परिसरातील ओढ्यांत आहे. तेथे सह्याद्रीची धार अगदी जवळ येते. या धारेच्या पश्चिमेस, विशाळगडासमोरच्या माचाळ भागात मुचकुंदी नदी उगम पावते. ती कोकणात उतरून पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. म्हणजे एकाच ढगातून पडलेल्या पाण्यातले काही पश्चिमेला पडले तर थोड्याच अवधीत अरबी समुद्रात जाते. तेच पूर्वेला पडले तर कासारी, पंचगंगा, कृष्णा असा सगळा दख्खन ओलांडून आंध्र देशात बंगालच्या उपसागराला पोहोचते. आपल्या देवाला त्यातलाच तांब्याभर अभिषेक होतो.

उगमाकडचा मुलूख काळ्या पाषाणाचा. माथ्यावर मात्र जांभ्या दगडाची पठारे आहेत; आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे मसाई पठार. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पिऊन घेतो आणि पुढे कित्येक महिने कडेकपारीतल्या झऱ्यांवाटे ते हळूहळू सोडतो. दिवाळीनंतरही ओढे वाहतात याचे कारण हे आहे. पठारावरची झाडी व माती गेली की झरे आधी आटतात आणि मग नदी आटते, हे आपल्या धनगर बांधवांना कोणी शिकवावे लागले नाही. पाऊसही सर्वत्र सारखा नाही. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि शिरोळकडे त्याहूनही बराच कमी होतो. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक पडतो, म्हणून वर धो-धो आणि खाली ऊन असतानाही आपल्या नदीला पूर येतो. ‘वर लागलाय’ एवढे म्हातारी माणसे म्हणत आणि काठावरची वैरण हलवू लागत.

वाटेत जांभळी नावाचा मोठा ओघ कासारीला येऊन मिळतो. करंजफेण, पेंडाखळे, बाजारभोगाव, वाळोली, पुनाळ, यवलूज अशी गावे या खोऱ्यात नांदत आली आहेत. बाजारभोगावच्या नावातच बाजार आहे. अणुस्कुऱ्याच्या घाटाने राजापूर बंदराकडे जाणारी जुनी वाट याच बाजूची. मीठ, खोबरे, सुकी मासळी घाट चढून वर येई आणि धान्य, गूळ खाली जाई. आज त्या मार्गाने एस.टी. जाते, बैल गेले.

नावाविषयी एक गोष्ट. कासार म्हटले की आपल्याला बांगड्या भरणारा कासार आठवतो. परंतु संस्कृतात ‘कासार’ या शब्दाचा अर्थ तळे असाही आहे. पूर्वी चैत्र-वैशाखात ही नदी वाहत नसे, ठिकठिकाणी डोह तेवढे उरत. डोहांच्या माळेला तळ्यांची नदी म्हणणे मला तरी अधिक पटते. विद्वानांनी काय ते ठरवावे.

आता इतिहासाकडे वळू. कासारीच्या खोऱ्याची एक बाजू पन्हाळ्याच्या डोंगराची आहे आणि उगमाशी विशाळगड आहे. या दोन गडांमधला मुलूख म्हणजेच आपल्या नदीचा वरचा मुलूख. शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी पन्हाळ्यावर होती, पुढे तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या सिंघण यादवाने ते राज्य घेतले. इ. स. १४५३ मध्ये बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार कोकण व खेळणा जिंकण्यास निघाला असता शिर्के आणि खेळण्याचे शंकरराव मोरे यांनी त्याला या रानात गाठून फौजेसह बुडविले. खेळणा म्हणजेच आजचा विशाळगड. त्या फौजेला वाट दाखविण्याचे निमित्त करून दाट अरण्यात नेण्यात आले होते. या खोऱ्यात परक्या फौजेचा घात व्हायला मुलूख ठाऊक नसणे पुरेसे होई, याचा हा पहिला मोठा दाखला.

दुसरा दाखला प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला दारूगोळ्याची मदत केली, त्याची शिक्षा त्यांना पुढल्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजापूरची वखार लुटली गेली तेव्हा मिळाली. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गड उतरले. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीतून शत्रूच्या हाती गेले व त्यांनी प्राण दिला. महाराज मसाई पठारावरून विशाळगडाकडे निघाले. आषाढ महिना, चिखल, काटे, ओढ्यांना आलेले पाणी. आणि मागून सिद्दी मसूदचे घोडेस्वार. गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे लोक पाय रोवून उभे राहिले. महाराज गडावर पोहोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत ते हटले नाहीत. त्या रक्ताने घोडखिंडीची पावनखिंड झाली.

ही कथा आपण पोवाड्यांतून ऐकतो. तिच्यातला एक धागा मात्र सहसा कोणी सांगत नाही, तो येथे मुद्दाम सांगतो. ती खिंड केली कोणी? पाण्याने. डोंगरातून धावणाऱ्या ओढ्याने हजारो वर्षे कातळ कापून जी अरुंद चिरोटी पाडली, तिच्यात थोड्या माणसांना पुष्कळांना अडविता आले. आजही पावसाळ्यात खिंडीतून पाणी वाहते आणि शिडीवरून उतरणाऱ्या पोरांच्या पायाखाली जो खळखळाट असतो तो आपल्या कासारीचा आहे. मावळ्यांना ही जागा, तिचे पाणी आणि पाण्याची वेळ ठाऊक होती.

तिसरा दाखला त्याहून बोलका आहे आणि पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो. महाराजांच्या पश्चात औरंगजेब बादशहा स्वतः खेळण्यावर चालून आला. १७०१ च्या अखेरीपासून सुमारे सहा महिने वेढा चालला. शेवटी जून १७०२ मध्ये परशुरामपंत प्रतिनिधींनी रोख रक्कम घेऊन गड मोकळा करून दिला. बादशहाने गडाला नवे नाव दिले आणि १० जूनला छावणी परतीला निघाली. मृग लागला होता. पुढे काय झाले याची कल्पना आपल्या भागातला कोणीही शेतकरी घरबसल्या करू शकेल! ओढे फुगले, उंट व बैल चिखलात रुतले, सामान वाहून गेले, तंबू भिजून उचलेनासे झाले, धान्याचे भाव चढले, माणसे आणि जनावरे मेली. विशाळगडापासून पन्हाळा सुमारे तीस मैल. ते तीस मैल काटायला हिंदुस्थानच्या बादशहाला ३८ दिवस लागले.

ज्या ऋतूत आणि ज्या दोन गडांमध्ये महाराज एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात गेले, तेथेच बादशहा सव्वा महिना अडकून पडला. दोघांमध्ये बेचाळीस वर्षांचे अंतर होते, पाऊस आणि ओढे तेच होते. एकाजवळ मुलखाची माहिती होती आणि ती माहिती त्याला दिली होती ती येथल्याच रानात गुरे राखणाऱ्या, वाटा तुडविणाऱ्या माणसांनी. बखरींत त्यांची नावे आलेली नाहीत.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात सांगतो. विशाळगड प्रतिनिधींच्या जहागिरीत राहिला व त्यांचे ठाणे मलकापुरास आले. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी उठाव केला, तो इंग्रजांनी मोडला आणि गडांची तटबंदी पाडून टाकली. त्यानंतर या खोऱ्यात तोफा ऐकू आल्या नाहीत.

लढायांच्याही फार पूर्वी या पाण्याच्या काठी वस्ती होती. मसाई पठाराजवळ पांडवदऱ्याची लेणी आहेत, जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची आहेत. प्रयागच्या खाली, कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १९४४ ते १९४६ या काळात उत्खनन झाले. डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. सातवाहनांच्या काळचे नांदते नगर तेथे निघाले आणि त्यात रोमन बनावटीच्या कांस्य वस्तूंबरोबर पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी, सुबक मूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळते. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावरच्या नदीकाठी समुद्राचा देव आला, तो कोकणच्या बंदरांतून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांच्या ओझ्यातच आला असला पाहिजे. शाळेच्या सहलीत मुलांना ती मूर्ती अवश्य दाखवावी. रंकाळ्यावर भेळ खाऊन परत येण्यात काही अर्थ नाही.

आता पाण्याच्या रोजच्या इतिहासाकडे येतो. माझ्या मते आपल्या दृष्टीने तोच खरा इतिहास आहे. आजच्या तरुणांनी नदी नेहमी भरलेली पाहिली आहे. ती अशीच होती व अशीच राहणार, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पूर्वी होळी झाली की प्रवाह तुटे. बायका वाळूत हाताने झरे उकरीत, वाटीवाटीने घागर भरीत आणि घागर भरेपर्यंत मागे रांग लागे. गुरे डोहावर जात. मरळ आणि वांब त्याच डोहांत कोंडलेली असत, त्यामुळे पोरांची चैन असे, पण बाकी सर्वांचे हाल. पिके म्हणजे पावसाळी भात, वर डोंगरात नाचणी व वरी. नदीच्या मळीत शाळू किंवा थोडा ऊस, तोही ज्याची बुडकी आहे त्याचाच. बुडकी म्हणजे काठाला खोदलेली विहीर. तीत नदीचे पाणी पाझरून येई आणि मोटेने ते वर काढीत. एका मोटेवर किती गुंठे भिजणार? गुऱ्हाळाची चुलाणे पेटत ती मोजक्याच घरांची.

याला पहिला उतार पडला तो बंधाऱ्यांनी. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव साऱ्या महाराष्ट्रात, किंबहुना राज्याबाहेरही, इंजिनियर लोक घेतात, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. रचना अगदी साधी. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करावयाचे आणि त्यांना उभ्या खाचा ठेवावयाच्या. पाऊस सरला की खाचांत दोन ओळींनी बरगे बसवावयाचे आणि मधे माती ठोकून भरावयाची, पाणी अडते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून घ्यावयाचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही मोकळे वाहून जातात, नदी गाळाने भरून येत नाही. वरून माणसांना व गाडीला ये-जा करता येते हा वेगळा लाभ. यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, बाजारभोगाव, पेंडाखळे, करंजफेण अशी कासारीवरच्या बंधाऱ्यांची मालिका आहे. पावसाळ्यात ‘अमुक बंधारा पाण्याखाली’ अशी बातमी रेडिओवर व वर्तमानपत्रात येते, तेव्हाच बहुतेकांना त्यांची आठवण होते. एरवी बरगे चोरीस जातात आणि गळती लागते, त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

बंधारा पाणी अडवितो, निर्माण करीत नाही. त्यासाठी वर साठा हवा. हे शाहू महाराजांनी सर्वांआधी ओळखले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. पैशाअभावी ते मधे थांबले आणि महाराजांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी, देश स्वतंत्र झाल्यावर पूर्णत्वास गेले. भोगावतीकाठ बारमाही झाला, आपला काठ मात्र कोरडाच राहिला. तुळशीवर धामोडला, कुंभीवर गगनबावडा तालुक्यात आणि कासारीवर शाहूवाडी तालुक्यात गेळवडे येथे धरणे झाली ती त्यानंतर. गेळवड्याच्या धरणात सुमारे पावणेतीन टी.एम.सी. म्हणजे पावणेतीनशे कोटी घनफूट पाणी मावते. राधानगरीच्या तुलनेत ही साठवण एक तृतीयांशच आहे. पण त्या पाण्याने आपल्या खोऱ्याचे रूप पालटले. मोटा गेल्या, इंजिने आली, मग विजेचे पंप आले. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदीचे पाणी माळावर चढविले. कुडित्रे येथे डी. सी. नरके यांच्या पुढाकाराने जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याला ‘कुंभी-कासारी’ हे दोन्ही नद्यांचे नाव मिळाले. उसाच्या बिलातून घरे झाली, मुले शिकली, नोकरीला लागली. या मंदिराच्या देणगी-यादीतले आकडे वाचताना हे ध्यानात येते की त्यांतले पुष्कळ पैसे या नदीतूनच आले आहेत.

येथे एक गोष्ट लिहिणे कर्तव्य समजतो, कोणास रुचो वा न रुचो. आपल्याला पाणी मिळाले तेव्हा वरच्या अंगाला कोणाची तरी शेते, परसे आणि देवळे पाण्याखाली गेली. त्यांना नवे गाव वसवावे लागले आणि नव्या गावात जुना देव नव्याने बसवावा लागला. देऊळ बांधणे म्हणजे काय हे आपण आत्ताच अनुभवले आहे, तेव्हा देऊळ सोडून जाणे म्हणजे काय, याचीही कल्पना आपल्याला करता यावी. दुसरे असे की, ज्या डोंगरांवर सर्वांत जास्त पाऊस पडतो तेथल्या धनगरवाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना आजही दूरच्या झऱ्यावरून पाणी आणावे लागते. पाणी उताराने आपल्याकडे येते, त्यांच्याकडे चढत नाही. वर्गणी गोळा करायला आपली मंडळी त्या वाड्यांवर गेली तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला नाही, हे समितीच्या सभासदांनीच सांगितले.

पाण्याची चणचण आपल्यालाही सुटलेली नाही. पाऊस कमी झाला किंवा उसाचे क्षेत्र वाढले की पाटबंधारे खाते उपसाबंदी जाहीर करते आणि ठराविक दिवस पंप बंद ठेवावे लागतात. मग रात्री चोरून मोटारी सुरू करणे, शेवटच्या गावाला पाणी न पोहोचणे आणि त्यावरून भांडणे होणे, हे प्रकार घडतात. आपल्या गावचे नाव यात येऊ नये. ठिबकने ऊस चांगला येतो, पाणी व खत दोन्ही वाचते, हे आता सिद्ध झाले आहे. पाटाने पाणी सोडून बांधावर झोपण्याचे दिवस संपले. जादा पाणी व जादा खत यांनी काळ्या जमिनी क्षारपड होतात, याचा अनुभव शिरोळकडच्या शेतकऱ्यांनी घेतला आहे.

नदीच्या स्वच्छतेविषयीही थोडे सांगतो. कासारीकाठी मोठे शहर नाही, म्हणून आपले पाणी अद्याप बरे आहे. प्रयागच्या खाली कोल्हापूर व इचलकरंजीचे सांडपाणी मिसळते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन माणसे दगावली. आपण वरच्या काठाला राहतो, म्हणजे खालच्या काठाच्या घागरीत काय जाणार हे काही अंशी आपल्या हाती आहे. गणेशोत्सवात निर्माल्य व मूर्ती दान घेण्याची पद्धत जिल्ह्यातल्या अनेक गावांनी स्वीकारली आहे, ती आपल्याकडे तरुण मंडळाने सुरू केली याबद्दल त्यांना धन्यवाद.

शेवटी महापुराविषयी लिहिले पाहिजे, कारण मंदिराच्या बांधकामाशी त्याचा थेट संबंध आहे. कासारीचा पूर दोन प्रकारचा असतो. एक वरून येतो. तो लाल, वेगवान असतो आणि चढतो तसा उतरतो. दुसरा खालून येतो, त्याला आपण फुगवटा म्हणतो. नरसोबाच्या वाडीस कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढे सरकता येत नाही. पंचगंगा तुंबली की प्रयागास भोगावती व कासारी तुंबतात. आंबेवाडीजवळचा रेडेडोह फुटला की पन्हाळ्याचा व रत्नागिरीचा रस्ता बंद होतो आणि आपल्या शिवारात पाणी उलटे चढू लागते. हे पाणी शांत दिसते, पण दिवसच्या दिवस हलत नाही. पिके कुजतात, भिंती खचतात.

कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरलेली आहे. १९८९ च्या महापुरानंतर चिखलीकरांसाठी सोनतळीला जागा देण्यात आल्या. २००५ सालीही मोठा पूर आला. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले. शंभर वर्षांत एकदा असे होते, अशी आपण एकमेकांची समजूत घातली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फूट ३ इंचांवर पोहोचले. दोन्ही वेळा जुन्या मंदिराच्या गाभाऱ्यात पाणी शिरले आणि भिंतींच्या मातीच्या जोडाने दम सोडला. जीर्णोद्धाराचा विचार तेव्हापासून सुरू झाला हे ग्रामस्थ जाणतातच.

मंदिर गावठाणाच्या वरच्या माळावर हलवावे, असा एक विचार सभेत पुढे आला होता. त्यावर बरीच चर्चा झाली. देवाने जागा सोडू नये, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. जोते वाढवावे, खालच्या भागात पाण्याला वाट ठेवावी आणि गाभाऱ्याला जांभ्याऐवजी घडीव काळा दगड वापरावा, असे ठरले. त्यामुळे खर्च अंदाजापेक्षा वाढला व वर्गणीची दुसरी फेरी काढावी लागली. मंडपाच्या उजव्या हाताच्या खांबावर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या दोन रेषा सालांसह कोरून घेतल्या आहेत. त्यांच्या वर खांबाला जागा मोकळी ठेवलेली आहे.